बाबासाहेब आणि स्पर्श

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपल्या शाळेत विद्यार्थी दिन साजरा होतो. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भीवा रामजी या बालकाचे नाव चढले. त्या निमित्ताने मी पाचवीच्या वर्गात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाची हकीकत सांगतो. गोणपाटाचा तुकडा, वर्गाचा कोपरा, दुरून ओतले जाणारे पाणी हे सारे त्यात असते. काही वर्षांपूर्वी हा पाठ संपल्यावर सालेकसा तालुक्यातून आलेला एक मुलगा उभा राहिला. वसतिगृहात येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते. आईवडील कामासाठी परमुलुखात गेलेले. त्याने विचारले की बाबासाहेबांना लहानपणी कोणीच जवळ घेत नव्हते काय?

इतिहास शिकवण्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. पाणवठा, मंदिर, रस्ता, शाळा या हक्कांच्या लढ्यांच्या तारखा मला तोंडपाठ आहेत. परंतु त्या बालकाच्या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. अस्पृश्यता या शब्दातच स्पर्श दडलेला असूनही आपण तिचा विचार कायद्याच्या आणि हक्कांच्या भाषेत करतो. ज्याला शिवायचे नाही असे ठरवले, त्या लहानग्या देहाचे काय होत असेल, हे विचारायचे आपल्याकडून राहून जाते. त्या दिवसानंतर मी बाबासाहेबांचे चरित्र याच एका धाग्याने पुन्हा वाचून काढले. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ते वाचन आपणासमोर ठेवीत आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. चौदांपैकी बलराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव ही पाचच भावंडे पुढे जगली. सेवानिवृत्तीनंतर सुभेदार कुटुंबासह प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास आले. साताऱ्यास आल्यावर थोड्याच काळात भीमाबाईंचे निधन झाले. भीम त्या वेळी अवघे पाच-सहा वर्षांचे होते.

आई गेली तेव्हा त्या घराला सावरले ते मीराबाई या आत्याने. त्या रामजींच्या थोरल्या बहीण. शरीराने अधू, परंतु मनाने खंबीर. भीम त्यांचा विशेष लाडका. तो रात्री त्यांच्याजवळच झोपत असे. पुढे मुंबईला पळून जाऊन गिरणीत नोकरी धरावी असे त्याच्या मनाने घेतले, तेव्हा प्रवासखर्चासाठी त्याने शेजारी झोपलेल्या आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढण्याचा प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. तिच्यात निघाला केवळ अर्धा आणा. त्या लाजेतून पुढे अभ्यासाचा निश्चय जन्मला, हे चरित्राच्या वाचकांना ठाऊक आहे. मला मात्र त्या प्रसंगात दुसरेही काही दिसते. आईविना वाढणारे ते पोर रोज रात्री कोणाच्या तरी कुशीलगत झोपत होते.

याच काळातील आणखी एक तपशील बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत स्वतः नोंदवून ठेवला आहे. साताऱ्यात न्हावी होते, परीट होते, आणि त्यांना पैसे देण्याची ऐपतही सुभेदारांच्या घरात होती. परंतु अस्पृश्याच्या केसांना वस्तरा लावायला न्हावी तयार नव्हता आणि त्याचे कपडे धुवायला परीट तयार नव्हता. म्हणून घरातले कपडे बहिणी धूत, आणि भावांचे केस थोरली बहीण कापीत असे. सरावाने तिचा हात या कामात चांगलाच बसला होता. ज्या डोक्याला गावाचा हात लागायला तयार नव्हता, त्या डोक्यावरून बहिणीचा हात फिरत होता. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर मला येथे सापडले.

उरलेले अर्धे उत्तर शाळेत आहे. तेथे भीम घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे आणि संध्याकाळी तो गोणपाट घरी घेऊन जाई, कारण शाळेच्या झाडलोटीचा गडीदेखील त्याला हात लावीत नसे. इतर मुले तहान लागली की गुरुजींची परवानगी घेऊन नळावर जात. भीमला नळाची तोटी शिवण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. घरात आत्या व बहिणींचा हात आणि घराबाहेर पडताच चहूकडे राखलेले अंतर, अशा दोन जगांत ते बालपण गेले.

१९०१ सालची गोरेगावची हकीकत या अंतराचा कळस आहे. हे आपल्या जिल्ह्यातील गोरेगाव नव्हे, सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले. तेथे रामजी नोकरीस होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुले नवे कपडे घालून मोठ्या हौसेने त्यांना भेटावयास निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. पत्र न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर चार पावले मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने पायी चालावे. जवळ शिदोरी होती, परंतु वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुले रात्रभर उपाशीच राहिली. आपल्या घरी सुखाने वाढलेल्या त्या मुलाला आपण कोण आहोत हे जगाने त्या रात्री सांगितले.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात आल्यावरही हे संपले नाही. एकदा शिक्षकांनी गणित सोडविण्यासाठी भीमरावांना फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे वर्गातील मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव पुढे येताच मुले धावली आणि डबे खडखडाट करीत बाजूला केले. मग ते फळ्यापर्यंत पोहोचू शकले. परळच्या चाळीतील एका खोलीत मात्र रामजी मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकांसाठी ते प्रसंगी लेकींकडून उसने पैसे आणीत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यानंतर, रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तातडीने निघाले. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. मुंबईस पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचे प्राण जणू मुलाच्या वाटेकडे लागले होते. त्यांनी मुलाकडे पाहिले, थकलेला हात त्याच्या पाठीवरून फिरवला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३. शब्द संपले तेव्हा सुभेदारांपाशी द्यायला हा एक स्पर्शच उरला होता. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेस रवाना झाले. ज्यांनी पुढे कोट्यवधींच्या पाठीवर हात ठेवला, त्यांच्या पाठीवर तो हात घेऊन ते निघाले, असे मला नेहमी वाटते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनमध्ये त्यांनी एक वेगळेच जग पाहिले. तेथे कोणी त्यांच्यापासून दूर सरले नाही. एकाच मेजावर जेवण आणि एकाच बाकावर अभ्यास ही तेथे रोजची गोष्ट होती. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्या वर्षांत त्यांच्या मनातून जवळपास पुसली गेली होती. म्हणूनच १९१७ मध्ये बडोद्यास परतल्यावर बसलेला घाव अधिक खोल गेला. कचेरीतील शिपाई कागदपत्रे दुरून त्यांच्या मेजावर टाकीत. गावात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले; अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एवढा विद्वान तरुण सार्वजनिक बागेत बसून रडला. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तेव्हा काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास हरकत घेतली. पदवी वाढत गेली, तरी इतरांच्या मनातील अंतर तसूभरही कमी झाले नाही.

घरातही दुःखाची कमतरता नव्हती. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार अपत्ये बाबासाहेब व रमाईंनी आपल्या हातांनी निरोप देऊन पाठविली. राजरत्न गेला १९२६ च्या जुलैत. तो बाबासाहेबांचा अतिशय लाडका होता. पुत्र गेल्यानंतर जीवनातली गोडीच नाहीशी झाल्याचे त्यांनी आपल्या स्नेह्याला पत्राने कळविले होते. कठोर बुद्धिवादी म्हणून ज्यांची ख्याती, त्या बाबासाहेबांच्या मनात लेकराच्या स्पर्शाची केवढी ओढ होती, हे या पत्रावरून उमगते.

या दुःखाला आठ महिने होतात न होतात, तोच महाडचा संग्राम उभा राहिला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता, आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले होते. तरीही तळ्याला हात लावण्याची कोणाची छाती झाली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळ भरून पाणी प्याले. त्या पाण्यात गुरेढोरे उतरत होती, परधर्मीयांना मज्जाव नव्हता. विटाळ मानला जात होता तो फक्त या माणसांच्या हाताचा. म्हणून त्या दिवशी तहान भागविण्यापेक्षा मोठी गोष्ट घडली. माणसाच्या हाताने पाण्याला स्पर्श केला आणि तो हात माणसाचा आहे हे जगाला सांगितले. याचा राग म्हणून परतणाऱ्या निःशस्त्र लोकांवर हल्ले झाले, आणि पुढे गोमय, गोमूत्र, दूध, दही ओतून तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत झाले. आज आपण ते अनुच्छेद १७ म्हणून वाचतो. वर्गाच्या कोपऱ्यातील गोणपाटापासून या कलमापर्यंतचा प्रवास एका आयुष्यात झाला, ही जगाच्या इतिहासातील असामान्य घटना होय. कायद्याने अंतर राखणे हा गुन्हा ठरविला. मात्र जवळ घेणे हे कोणताही कायदा करू शकत नाही. ते माणसालाच करावे लागते, आणि बाबासाहेबांनी त्यासाठी धम्माची वाट दाखविली.

विज्ञानानेही आता स्पर्शाचे मोल मान्य केले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर आईपासून वेगळ्या केलेल्या माकडाच्या पिल्लांवर प्रयोग केले. एक तारेची आई, जिच्याकडून दूध मिळे. दुसरी मऊ कापडाची. पिल्ले दूध पिण्यापुरती तारेकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाला बिलगून राहत. त्या प्रयोगांतील क्रौर्य आज आपणास मान्य होणार नाही, पण त्यांतून निघालेला धडा खरा आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातील बोगोटा येथे सुरू झाली आणि आज आपल्याकडील सरकारी दवाखान्यांतही ती शिकविली जाते. आपल्या आज्या बाळाला तेल लावून, चोळून न्हाऊ घालीत आल्या, त्याला आता शास्त्राचा आधार मिळाला. मग पिढ्यान् पिढ्या एका समाजाला स्पर्शापासून दूर ठेवणे हा किती मोठा अपराध होता, याची कल्पना करावी.

तथागतांना हे अडीच हजार वर्षांपूर्वी उमगले होते. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात लोळत पडला होता आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर निजविले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सफाई करणारा सुनीत, नाभिक उपाली आणि चांडालकन्या प्रकृती यांना संघाने कसे सामावून घेतले, याच्या कथा आवर्जून आल्या आहेत. ज्या बालकाच्या केसांना न्हाव्याने हात लावला नाही, त्याने प्रौढपणी उपालीची कथा किती आपुलकीने लिहिली असेल!

आयुष्याच्या अखेरच्या दशकात मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदनांनी बाबासाहेबांना ग्रासले. रमाई २७ मे १९३५ रोजीच निवर्तल्या होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. प्रकृती अशी ढासळलेली असतानाही १९५४ मध्ये ते भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्या निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी त्या निवडणुकीचा विषय निघाला की मान खाली घालून गप्प बसत. ज्याने आपला हात धरला, त्याचा हात आपल्याच भूमीत सुटला, ही खंत त्या मौनात होती.

त्या खंतीचे उत्तर अडीच वर्षांनी नागपुरात मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर, अशा स्थितीत बाबासाहेब दीक्षाभूमीवर आले. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी माईसाहेबांसह धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना दिली. पायी, बैलगाडीने, रेल्वेने आलेल्या त्या जनसागरात भंडाऱ्याची माणसेही होती. तेथे कोणाच्या अंगाला अंग लागले म्हणून कोणी विटाळले नाही.

रत्तू हे पंजाबातील होशियारपूर जिल्ह्याचे. दिल्लीत सरकारी नोकरी करून उरलेला वेळ ते बाबासाहेबांच्या सेवेत घालवीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, २६ अलीपूर रोड येथील निवासस्थानी, त्यांनी बाबासाहेबांचे ठणकणारे पाय चेपले आणि डोक्याला तेल चोळले. बाबासाहेब डोळे मिटून बुद्धवंदना गुणगुणत होते. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागून घेतले. सकाळी ते उठले नाहीत. रत्तू धावत आले आणि हृदय पुन्हा चालावे म्हणून त्यांनी ते निपचित अंग चोळून पाहिले. पण सारे संपले होते. बहिणीने केस कापलेल्या त्या डोक्यावर अखेरच्या रात्री एका शिष्याचा हात फिरला होता. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या समुद्रकिनारी लाखोंच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. त्याच वर्षी पौषाच्या थंडीत एका रात्री त्याला ताप भरला. आमच्या वसतिगृहातील स्वयंपाकीण मावशी उशाशी बसून त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवीत होत्या. मी डॉक्टरांना घेऊन आलो तेव्हा तो त्यांच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून झोपला होता. मी त्या रात्री समजलो की त्याने बाबासाहेबांविषयी विचारले तेव्हा तो स्वतःविषयीही विचारीत होता.

निवासी शाळेत आपण मुलांना दोन वेळचे अन्न, वह्या-पुस्तके, शिस्त आणि वंदना देतो. रोवणीच्या दिवसांत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात घरी जी माया मिळायची ती मागे ठेवून ही लेकरे आपल्याकडे येतात. पालकांनी भेटीच्या दिवशी मुलांना आधी जवळ घ्यावे, गुणपत्रक नंतर पाहावे. आम्हा शिक्षकांवर दुहेरी जबाबदारी आहे. पाठीवर ठेवलेला हात आधाराचा आणि सर्वांदेखत असावा. मुलाला नको असेल तर तो मागे घेण्याची समज असावी. वाईट स्पर्श ओळखणे आणि निर्भयपणे सांगणे हेही आपण मुलांना शिकवितो, कारण देहाचा सन्मान हा त्याच मानवमुक्तीच्या लढ्याचा भाग आहे. आणि छडीचा स्पर्श तर बाबासाहेबांच्या नावाच्या छायेत शोभतच नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपण मोठ्या पदांवर पोहोचलात, याचा अभिमान वाटतो. स्मरणिका प्रकाशनाच्या दिवशी शाळेत याल तेव्हा सभामंडपातून थेट परत जाऊ नका. वसतिगृहात जा, पाचवीच्या मुलांजवळ बसा, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवा. तो प्रश्न विचारणारा मुलगा आज महाविद्यालयात शिकतो. सुटीत तो येतो, तेव्हा प्रथम स्वयंपाकघरात जाऊन मावशींच्या पाया पडतो, आणि मग माझ्याकडे येतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला शब्दांत कधीच दिले नाही. ते त्याला मिळालेले आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!